स्लाइडचा डावा कोपरा

ओपल नुकती रांगायला लागली होती आणि तिचा खोकला काही केल्या जात नव्हता. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" मी नाही म्हटलं. आमचं घर म्हणजे चाकांवरची गाडी, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी. इथे ओल कुठली?

पण त्या दिवसापासून मी वास घेत फिरायला लागले. बटण दाबलं की सोफ्यासकट आमची एक भिंत बाहेर सरकते आणि बसायला जागा होते. तीच स्लाइड. तिच्या डाव्या कोपऱ्यात गालिच्याला कुबट वास येत होता. ओपलची दुलई मी तिथेच अंथरायचे.

माझा नवरा क्ले म्हणाला, गालिचा काढून लाकडी पट्ट्या घालू. हे ऐकून शेजारचा व्हर्लिन हत्यारं घेऊन हजर. गाडी आम्ही त्याच्याचकडून घेतली होती. बायको नेडा गेल्यावर तो पलीकडच्या छोट्या ट्रेलरमध्ये राहायला गेला.

"ही गाडी माझ्या हाताखालून गेलेली. मीच घालून देतो फरशी. मजुरी नको, कॉफी पाज म्हणजे झालं."

क्ले खूश. मी नाही.

"विकून झाल्यावर कुणी एवढं करतं का?" मी क्लेला हळूच म्हटलं.

"तू माणसांवर विश्वास ठेवायला कधी शिकणार, मार्नी?"

"पोरगी खोकायची थांबली की."

व्हर्लिननं मधला गालिचा पार खालच्या लाकडापर्यंत ओरबाडून काढला. डावा कोपरा मात्र शेवटासाठी ठेवला. मी ओपलला कडेवर घेऊन कपडे धुवायला गेले, परत येते तर कोपरा झालेला.

"एवढ्यात?"

"केवढासा तो कोपरा, पोरी."

"खालचं लाकूड कसं होतं?"

"खणखणीत," तो कपात बघत म्हणाला.

बाहेर निळ्या गालिच्याच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. मी तो पायानं चाळला. ओपलच्या औषधाचा गुलाबी डाग पडलेला तुकडा त्यात नव्हता. आत येऊन तिचा चेंडू कोपऱ्यात ठेवला. तो आपसूक घरंगळत मधे आला.

"स्लाइड आत घेऊन बघू या," मी म्हटलं.

"आत्ता?" क्ले म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत आपण कुठं जातोय?"

"नवी फरशी आहे. बसू दे जरा," व्हर्लिन म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस इतकी वर्षं एकाच जागी गाडी उभी करून राहिला होता की चाकांभोवती झुडपं वाढली होती. स्लाइड कधीतरी आतही घ्यावी लागते आणि फरशी उंच झाली असेल तर ती अडते, हे तो विसरूनच गेला होता.

मी ओपलला क्लेच्या हातात दिलं आणि बटण दाबलं. भिंत घरघरत आत आली, डाव्या कोपऱ्याला अडली, गुरगुरली. पुढची पट्टी कडकन उभी राहिली. खाली निळा गालिचा होता, गुलाबी डागासकट. मी तो उचलला. लाकूड काळं पडलं होतं. बोट दाबलं, तर दुधात भिजलेल्या पावात जावं तसं आत गेलं.

"तुम्हाला माहीत होतं?" क्लेनं विचारलं.

व्हर्लिननं टोपी काढली. "वाटलं, वरून झाकलं की वास जाईल. तुम्ही स्लाइड आत घ्याल असं डोक्यातच आलं नाही."

"विकताना माहीत होतं का, ते विचारतोय."

"नेडा म्हणायची, कोपऱ्यातून पाणी झिरपतं, वास येतो. रात्रभर खोकायची. मी म्हणायचो, तुला भास होतात."

क्लेनं माझ्याकडे पाहिलं. ओपलला परत माझ्याकडे दिलं आणि पहार उचलली.

मी बाहेर सावलीत दुलई अंथरली आणि ओपलला मांडीवर घेतलं. तिची छाती घुरघुरत होती. माझा तळवा तिच्या पाठीवर पुरून उरत होता. आत पहारीचे घाव पडू लागले. ओपल खोकली तसे ते थांबले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा दोन हत्यारांचे आवाज येत होते.

"निघेल तो प्रत्येक तुकडा मला आणून दाखवायचा," मी खिडकीतून सांगितलं.

पहिला तुकडा व्हर्लिननं आणला. माझ्या पायाशी काळी बाजू वर करून ठेवला आणि दुसरा आणायला आत गेला.