नाण्याचा खोटा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. माझ्यातून कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांना पोटाशी लोखंडी दरवाजा असतो ना, वर दोन फटी आणि खाली दोन लाल बटणं असलेला, त्याची मी नक्कल. नक्कल म्हणायला लाज कसली? खरा केवढ्याला पडतो ते विचारून या, मग बोला.

अमेरिकेतल्या टोलेडोत, स्वतःच्या घराच्या तळघरात ड्वेन कोवाल्स्कीनं पडद्यावरच्या खेळाचं असलं एक यंत्र बनवलं, आणि त्याच्या पोटाशी बसवायला मला. लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी कापली. ट्रकच्या हौद्याला मारतात तो खरखरीत काळा रंग मारला, म्हणजे लाकूडही लोखंड वाटतं. बिजागरीच्या जागी नुसते गोल डोक्याचे बोल्ट. बटणं सायकलच्या मागच्या लाल काचेतून कापली, आत बारके दिवे लावले. बटण दाबलं की खेळ सुरू. फटी नुसत्या शोभेच्या, पण गडी हट्टी, आरपार कापल्या. बायको मार्लीन म्हणाली, बुजव त्या, कुणीतरी काहीतरी टाकेल. ऐकेल तर तो ड्वेन कसला!

हा खटाटोप कुणासाठी, ते मला रंग वाळता वाळता कळलं. थोरल्या भावासाठी, लेनर्डसाठी. पोरवयात दोघं बोलिंगच्या अड्ड्यावर असल्याच यंत्राला चिकटलेले असायचे. आई गेल्यावर तिचं घर विकण्यावरून भांडले, ते नऊ वर्षं एकमेकांच्या घरी पाऊल नाही. माणसं लोखंडाची नसतात, गंजतात मात्र तशीच.

जानेवारीत मार्लीननंच फोन करून लेनर्डला बोलावलं. आला तो अंगातला कोट न काढता. जिना उतरला, यंत्र बघितलं. ड्वेन बटण दाखवायला वाकतोय, तोवर लेनर्डचा हात जुन्या सवयीनं खिशात गेला आणि पंचवीस सेंटचं नाणं माझ्या फटीतून आत. आत गल्ला कुठला? नाणं थेट वीज पुरवणाऱ्या पट्टीवर. फट् झालं, पडदा काळा.

"घे. माझा हात लागला की तुझ्या वस्तूचं वाटोळं," लेनर्ड म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

तो जिना चढला असता तर पुन्हा उतरला नसता. ड्वेनचे कान लाल झाले. हा आता भडकतो, मला वाटलं. पण त्यानं बॅटरी उचलून पुढे केली.

"लेन, जरा बॅटरी धर. माझे गुडघे वाकत नाहीत आता."

"माझे तरी कुठे वाकतात, गाढवा." पण कोट काढला.

मग दोघं म्हातारे यंत्रामागे पालथे पडून नाणं शोधत राहिले. आईचा विषय निघाला, आवाज चढले, परत उतरले. मार्लीननं सॉसेज आणि आंबवलेला कोबी खालीच आणून दिला.

तेव्हापासून दर रविवारी लेनर्ड यंत्र दुरुस्त करायला येतो. उन्हाळा आला, यंत्र बंदच. नवी पट्टी खरं तर फेब्रुवारीतच टपालानं आली. ड्वेननं खोका न उघडताच फळीवर ठेवला. पुढच्या रविवारी पेचकस शोधताना तो लेनर्डच्या हाती लागला. त्यानं वरची चिठ्ठी वाचली, भावाची पाठ आहे ना बघितलं, आणि खोका रंगाच्या डब्यांमागे सारला.

माझे दिवे विझलेत, फटींत धूळ बसलीय. बसू दे. तुम्ही कधी या तळघरात आलात, तर त्या डब्यांमागे काय आहे ते तेवढं विचारू नका.