कलिंगड माझंच आहे

आमच्या बोरिवलीच्या सायकल मंडळाचा उन्हाळ्यातला रिवाज असा: एप्रिल-मेच्या दर रविवारी सकाळी नॅशनल पार्कच्या गेटपाशी जमायचं, कान्हेरीचा चढ चढायचा, आणि जो शेवटी पोचेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी कलिंगड वाहून आणायचं. ज्या अतिशहाण्याने हा नियम काढला, त्याच्या हे ध्यानातच आलं नाही की कॅरियरवर कलिंगड बांधलेला माणूस पुन्हा शेवटीच पोचणार. एकदा गळ्यात पडलं की सुटका नाही. यंदा ते माझ्या गळ्यात पडलं आणि मी आमच्या गावच्या रवळनाथाचे आभार मानले.

कारण सांगते. साठी उलटल्यावर, गेल्या हिवाळ्यात, मी या पोरांच्या मंडळात शिरले. तेव्हा कलिंगड नव्हतं. मी धापा टाकत वर पोचायचे तेव्हा ही मंडळी हेल्मेट चढवत असायची. "आलात विमलाकाकू? झकास! आम्ही निघतोच." की गेले! मी एकटी लेण्यांच्या पायरीवर बसून माकडांची तोंडं बघायची. कलिंगड आल्यापासून मात्र सगळे कोरड्या घशाने वाट बघतात. मी वळणावर दिसले की टाळ्या वाजतात. टाळ्या कलिंगडाला असतात, मला कळतं ना! पण ऐकायला गोड लागतात, काय करू?

त्यात ही श्रुतिका मंडळात आली. मुलगी सोन्यासारखी, पण दुसऱ्याचं भलं करायची भारी घाई. "काकूंवर अन्याय आहे हा," तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं. "कलिंगड सम्यकने न्यायचं. तो आपल्यात सगळ्यात फास्ट आहे." सम्यक आमचा कप्तान. त्यालाही पटलं. मी काय बोलणार? 'मला ओझं हवंय' म्हटलं असतं तर म्हातारीला ऊन लागलं म्हणाले असते.

रविवारी मी रिकाम्या कॅरियरने निघाले. सायकल हलकी, मन जड. शेवटच्या चढाला बघते तर रस्त्याच्या कडेला सम्यक पाय पसरून बसलेला, शेजारी सॅक, सॅकमध्ये कलिंगड. त्याच्या महागड्या सायकलला कॅरियर नाही. का, तर म्हणे वजन वाढतं! सगळा भार पाठीवर घेऊन त्याच्या पोटरीत गोळा आला होता.

"वाट लागली, काकू," तो कळवळून म्हणाला. "तुम्ही घेऊन व्हा ना पुढे. मी येतो हळूहळू."

"मेल्या, आधी पाणी पी," म्हणत मी त्याची पोटरी चोळली, कलिंगड माझ्या कॅरियरवर आवळलं आणि निघाले. लाज वाटते सांगायला, पण मी खूश होते.

वर टाळ्या पडल्याच. सम्यकच्या पोटरीचं मी सांगितलं. श्रुतिकाने सुरी काढली. "कापू या! ऊन चढतंय. सम्यकसाठी दोन फोडी ठेवू."

म्हणजे खाणार, हेल्मेट चढवणार, आणि तो लंगडत येईल तेव्हा "आलास? आम्ही निघतोच." मी कलिंगड उचलून मांडीवर घेतलं.

"तो आल्याशिवाय सुरी लागणार नाही."

"अहो काकू, त्याचा वाटा ठेवतोय ना आपण!"

"वाटा काय करायचाय गं?" माझा आवाज चढला. "माणसं थांबलेली असायला हवीत. इतके रविवार मी ही धोंड का वाहत होते असं वाटलं तुला? हे असलं की तुम्ही थांबता. नसलं की निघून जाता."

माझेच कान तापले. श्रुतिकाने सुरी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली.

बऱ्याच वेळाने सम्यक सायकल ढकलत वळणावर दिसला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तो गोंधळला, मग कलिंगड अख्खं दिसल्यावर लहान पोरासारखा हसला.

"थांबलात होय माझ्यासाठी?"

"शेवटी आलास. पुढच्या रविवारी कलिंगड तुझं," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम. पण बोलताना माझा हात कलिंगडावरून निघेना.

श्रुतिकाने सुरी माझ्या हातात दिली. "आणि तुम्ही रिकाम्या हाताने या, काकू," ती हळूच म्हणाली. "कितीही उशीर होऊ दे. आम्ही इथेच असू."

मी मान खाली घालून कलिंगड कापायला घेतलं आणि पहिली फोड तिलाच दिली.