दार असलेला गेटवे

मी गेटवे ऑफ इंडिया बोलतोय. हसलात ना? हसा खुशाल. समुद्राकाठचा तो थोरला दगडी, आणि मी कर्जतजवळच्या डोंगरवाडीतला, बांबूचा, गुडघ्याएवढा. इंग्रजांचा राजा उतरला तेव्हा तिथंही म्हणे पुठ्ठ्याचीच कमान होती. मग मला कशाला नावं ठेवता?

माझा जन्म कोंडीच्या ओट्यावर झाला. टोपल्या विणून विणून बोटांना चिरा पडलेली ही बाई. तिची भाची भाविका सातवीत. तालुक्याच्या प्रदर्शनात 'आपली राजधानी मुंबई' यावर तिला बोलायचं होतं. गेल्या वर्षी माइकसमोर तिची दातखीळ बसली आणि अख्खा हॉल फिदीफिदी हसला. यंदाही तसंच झालं तर पुन्हा चारचौघांत तोंड उघडणार नाही, असं तिनं आत्याला सांगून टाकलं होतं.

गेटवे म्हणजे भारताचा दरवाजा, एवढं भाविकानं आत्याला समजावलं. कोंडीनं पुस्तकातलं चित्र बघून कमान वळवली, चार मनोरे चढवले. आणि शेवटी बाईनं काय करावं? कमानीत दार बसवलं! चांगलं दोन झडपांचं, कडीसकट.

"आत्या गं, खऱ्याला दार नाय!"

"दरवाजा म्हनायचा आनि दार नाय? कुत्री शिरतील की गं!"

प्रदर्शनात वाडीच्या शिक्षिका वनिताबाईंनी मला पाहून कपाळाला हात लावला. "भाविका, ते दार काप बरं. परीक्षक यायच्या आत."

भाविकानं कात्री उचलली. माझा जीव टांगणीला! समोर कोंडी ठेवणीतलं लुगडं नेसून, चिंधी बांधलेलं बोट पदराआड लपवून उभी होती. भाविकानं तिच्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

परीक्षक आले. पोरगी बोलू लागली. सात बेटं, मुंबादेवीवरून पडलेलं नाव, कुणी म्हणतं स्वप्ननगरी, कुणी मायानगरी. कुठं अडखळली नाही. तेवढ्यात साहेब माझ्यापुढं वाकले.

"अगं, गेटवेला दार कुठून आलं?"

आजूबाजूला खसखस पिकली. मी म्हटलं, झालं, बसली दातखीळ!

भाविकानं माझ्या दाराची कडी घातली. "सर, इंग्रजांची शेवटची पलटण गेटवेतूनच गेली, अठ्ठेचाळीस साली. ती गेली, आनि आमच्या आत्यानं दार लावून घेतलं."

साहेब इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हॉलही हसला, पण या हसण्यानं भाविकाची मान ताठ झाली. पहिला नंबर थर्मोकोलच्या विधानभवनाला गेला, आम्हाला दुसरा. कुणाला पर्वा होती? हुश्श! परतीच्या टेंपोत ती जी बोलत सुटली ती वाडी येईस्तोवर.

आता मी शाळेच्या कपाटावर असतो. एका मनोऱ्याला कीड लागलीय. उद्या पार पोखरलो तर वाईट वाटून घेऊ नका, खुशाल चुलीत घाला मला. आमची पोरगी बोलायला लागली, बास.