मावशीची कुजबुज

झाकणांच्या पत्र्याची चळत उचलून पोरीनं प्रेससमोर ठेवली, मान वर केली, आणि तिला दिसलं की सुपरवायझर शेजारच्या प्रेसवरच्या मावशीला बोटानं खुणावून पाण्याच्या टाकीपाशी घेऊन चाललाय. आज यादी लागायची होती. खात्यात बायका नऊ, नवी मशिनं आठ. एक जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पत्र्याचे डबे बनवायचा तो कारखाना. जुन्या प्रेस होत्या तेव्हाचं तर काय विचारता! ठाण ठाण, ठाण ठाण, दिवसभर नुसता घणाचा मार. शेजारणीच्या कानाशी जाऊन बोंबललं तरी तिला वाटायचं, ही जांभई देतेय. म्हणून तिथल्या बायका हातांनी बोलायच्या, आणि तोंड हे एवढं मोठं करून एकेक शब्द ओठांवर असा मांडायच्या की चाळीस पावलांवरून वाचून घ्यावा. मिशीला पीळ दिला की समजायचं, सुपरवायझर येतोय. गाल फुगवले की त्याचाही साहेब. मावशीनं वीस वर्षं अशीच काढलेली. सासूच्या चहाड्या, जावयाची मिजास, सगळं हातांनी.

अशा जागी ही जन्माची बहिरी पोरगी आली. आधी तीन ठिकाणांहून परत पाठवलेली. एका साहेबानं तर तिच्याकडे ढुंकूनही न बघता सगळे प्रश्न तिच्या बापाला विचारले होते. इथं मात्र मासा पाण्यात सोडावा तसं झालं. बाकीच्यांना हात चालवायला वर्ष लागायचं, हिला दोन दिवस पुरले. वर आपल्या शाळेतल्या खुणा हिनंच त्यांना शिकवल्या. बायका तिला 'मास्तरीण' म्हणायला लागल्या. घरी चार माणसं हसली की ती विचारायची, काय झालं? आई म्हणायची, "काही नाही गं, असंच." इथं तिला प्रत्येक विनोद गरम गरम मिळायचा, आणि चावटातला चावट तर सगळ्यांच्या आधी.

मग नवी मशिनं आली. आवाज नाहीच म्हणा ना, म्हातारं मांजर गुरगुरतं तेवढा. पहिल्या दिवशी बायकांनी एकमेकींचे आवाज धडपणे ऐकले आणि हसून हसून मुरकुंडी वळली.

"अगं बाई, हा तुझा आवाज होय? मला वाटलेलं तू कोकिळा असशील!"

"आणि तू गं? फुटकी पिपाणी!"

हात खाली गेले ते गेलेच. पत्र्यावरची नजर न हलवता बोलता यायला लागलं, मग मान कोण वर करतंय? पोरगी मावशीच्या खांद्याला हात लावून विचारायची, काय झालं? मावशी हात झटकायची. काही नाही गं, असंच. पंधरा दिवसांत बायकांच्या ओठांवरची 'मास्तरीण' गेली आणि 'ती बहिरी' आली.

आता टाकीपाशी सुपरवायझरची पाठ होती, पण मावशीचं तोंड समोर होतं. तिनं आवाज पार तळाला नेला असणार. बाकीच्या बायका माना खाली घालून कान टवकारून होत्या, आणि एकीलाही काही ऐकू येत नव्हतं, ते त्यांच्या वैतागलेल्या तोंडांवरून कळत होतं. पण ओठांना वीस वर्षांची सवय. आवाज कुजबुजला, ओठ काही कुजबुजेनात. एकेक शब्द मोठाच्या मोठा.

"कामाला वाघीण आहे हो. खोटं कशाला बोलू?"

सुपरवायझरची मान हलली.

"पण तिच्याशी बोलायचं तर मशीनवरची नजर काढावी लागते. उद्या एखादीचं बोट गेलं म्हणजे?"

वीस वर्षं ही बाई नजर वर करूनच बोलत आली होती. दहाच्या दहा बोटं शाबूत होती.

सुपरवायझरनं काहीतरी विचारलं असावं. मावशीचा चेहरा खाड्कन उतरला.

"माझे डोळे चांगले आहेत, साहेब. चष्मा नुसता वाचायला. माझं नाव कशाला काढता?" आणि मग थोडं थांबून, "तिला काय, बाप आहे कमावता. घरी बसली तर सांभाळतील. मला कोण आहे?"

पोरीनं पत्रा आत सरकवला. प्रेस खाली आली, वर गेली. झाकण काढून तिनं पाटीत ठेवलं. दुसरा पत्रा सरकवला.

सुपरवायझरनं खिशातून यादी काढली, भिंतीला टेकवून एका नावावर काट मारली. वळला तेव्हा त्याचेही ओठ दिसले.

"तूच सांग तिला. तुला येतं ते हातवाऱ्यांचं."

मावशी आली. तिनं मशीन बंद करायला लावलं. कित्येक दिवसांनी हात वर उचलले. आधी अडखळले, मग आठवत आठवत चालायला लागले. बायका नऊ. मशिनं आठ. पुढच्या महिन्यापासून तू नाही. मग तिनं दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या, पुन्हा पुन्हा आपटल्या. भांडले मी. तुझ्यासाठी खूप भांडले त्याच्याशी.

पोरगी त्या मुठींकडे बघत राहिली. मग तिनं आपले हात वर केले, आणि मावशीच्या नजरेतून एकही खूण निसटू नये अशा बेतानं, सावकाश सांगितलं.

दमली असशील.

मावशीचे डोळे भरून आले. तिनं मान हलवली. खूप.

पोरीनं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. मावशी बसली.