रडण्यातली उस्ताद

काचीगुडा स्टेशनाच्या मागच्या गल्लीत प्रबुद्ध सरांची अभ्यासिका आहे. सर दिवसभर बँकेत असतात आणि संध्याकाळी पोरांत. तिथे इंग्रजी शिकवायला परदेशातून कुणी ना कुणी पाहुणं येतं, दोन-तीन महिने राहतं, पोरांना लळा लावतं आणि निघून जातं. जाताना निरोपसमारंभ होतो, आणि त्या समारंभात रडण्याचं खातं सुमेधाकडे आहे.

सुमेधा अकरा वर्षांची. आईवडील दोघंही नोकरीवर, म्हणून दिवसभर आजी-आजोबांच्या, म्हणजे विमलाबाई आणि तातेरावांच्या ताब्यात. अंगाने काडी, पण रडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. बाकीची पोरं सरळ भोकाड पसरतात. हिचं तसं नाही. आधी खालचा ओठ थरथरतो. मग ती पाहुण्याचं एकच बोट धरते, सगळा हात नाही. मग मान खाली घालून एक हुंदका गिळायचा, पण असा, की गिळलेला समोरच्याला दिसला पाहिजे. शेवटी पापणीवर पाणी थांबवून वर बघायचं आणि इथल्या हिंदीत विचारायचं, "आप फिर आते ना?" इथे भलेभले ढासळले आहेत. एक सहा फुटी जर्मन दांडगा आपला माउथऑर्गन तिच्या हातात कोंबून न्हाणीघरात जाऊन बसला होता. आयर्लंडची एक बाई तर चालू ऑटो थांबवून परत आली होती.

पोरीला लबाड म्हणायची घाई नको. दर दोन-तीन महिन्यांनी जीव लावलेलं माणूस उठून जाणार, आणि प्रत्येकासाठी खरं रडायचं म्हटलं तर एवढं पाणी आणायचं कुठून? या शहरात नळालासुद्धा रोज पाणी येत नाही. पोरांनी त्याचा खेळ करून टाकला, हे शहाणपणाचंच झालं.

मारेन आली ती नेमकी अशाच एका समारंभाच्या दिवशी. डेन्मार्कची, विशीतली, नाकावर उन्हाने सोललेली. दाराशी बॅग टेकवून तिने सगळा खेळ पाहिला. जाणाऱ्याचा ऑटो वळणाआड झाला, तशी सुमेधाने बाहीला डोळे पुसले आणि समोरच्या गाड्यावरच्या मिरची भज्याला हात घातला. मागून टाळ्या ऐकू आल्या. मारेन होती. सुमेधाच्या घशात भजं अडकलं, कारण आजवर तिला कुणी पकडलं नव्हतं.

पण मारेन चुगलखोर नव्हती. ती जिन्यावर शेजारी येऊन बसली, अर्धं भजं मागून घेतलं आणि खाणाखुणांनी म्हणाली, "मलाही शिकव."

झालं! रोज वर्गात मारेन सुमेधाला इंग्रजी शिकवायची, आणि वर्ग सुटला की जिन्यावर सुमेधा मारेनला रडणं शिकवायची. विद्यार्थीण अगदीच ढ निघाली. ओठ थरथरवायला गेली की तिला हसू फुटायचं.

"हल्लू, अक्का, हल्लू! इत्ता मुंडी नक्को हिलाओ!" सुमेधा कपाळावर हात मारून घ्यायची.

मारेनही 'हौ' आणि 'नक्को' एवढ्या दोन शब्दांवर शहरभर फिरायला शिकली. चिक्कडपल्लीच्या बाजारात तिने 'नक्को' म्हटलं की भाजीवाल्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या. सुट्टीच्या दिवशी ती तातेरावांच्या घरी जेवायला यायची, ज्वारीची भाकरी थापायचा हट्ट धरायची आणि विमलाबाईंच्या तव्यावर कुठल्या तरी देशाचे नकाशे टाकायची. विमलाबाई तोंडाने बडबडायच्या आणि पहिला नकाशा स्वतःच्या ताटात घ्यायच्या. बघता बघता ती घरातलीच झाली. सुमेधा तर ती कधी जाणार आहे, हेच विसरून गेली.

आदर्श विसरला नव्हता. आदर्श म्हणजे अभ्यासिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा रडका. पहिला क्रमांक मिळत नाही म्हणून तो सुमेधाला कायम पाण्यात पाहायचा.

"मारेन अक्का नाही रडणार," तो म्हणाला. "तिला तुझं सगळं मालूम आहे. लाव शर्त. ती नाही रडली तर पुढच्या टायमाला समोर मी उभा राहीन."

"लावली," सुमेधा म्हणाली.

म्हणाली खरी, पण तिचं काहीतरी बिनसलं. रात्री तिने अंथरुणात सराव करून पाहिला. ओठ हलेना. मारेन जाणार, एवढं मनात आलं की ती ताडकन उठून बसायची. शर्तीचं तिला फारसं काही नव्हतं. ती एकाच गोष्टीने हैराण झाली होती. या खेपेला तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते मारेनला कळायला हवं होतं. पण कळणार कसं? जन्मभर खोटी नाणी खपवणाऱ्याने एक दिवस खरं काढलं, तरी दुकानदार ते दगडावर वाजवूनच घेणार. रडली तरी मारेन टाळ्याच वाजवणार होती.

समारंभाला सरांनी भाषण केलं. मारेनला शाल पांघरली. पोरांनी गाणं म्हटलं, निम्म्यांनी मराठीत आणि निम्म्यांनी मनाला येईल त्या भाषेत. मग सगळ्यांनी सुमेधाकडे पाहिलं. ती पुढे झाली. मारेनचं बोट धरलं. आणि पुढे काही नाही! ओठ जागचा हलला नाही, हुंदका आला नाही, ठरलेलं वाक्यसुद्धा आठवलं नाही. नुसती ठोंब्यासारखी उभी. मागे पोरांत कुजबुज सुरू झाली. आदर्शला तर उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात मारेनचा खालचा ओठ थरथरला.

सुमेधाने चमकून वर पाहिलं. मारेनने मान खाली घातली. एक हुंदका गिळला, सगळ्यांना दिसेल असा. पापणीवर पाणी थांबवलं आणि भरल्या गळ्याने म्हणाली, "मैं फिर आती ना?"

मग काय विचारता! पोरांनी एकदम सूर लावला. प्रबुद्ध सर चष्मा पुसायला लागले. आदर्श तर शर्त विसरून सगळ्यांत मोठ्याने रडला. आणि त्या गलबल्यात मारेनने शालीच्या आडून सुमेधाला हळूच एक डोळा मारला. शिष्येने गुरूची लाज राखली होती. सुमेधाने हसायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही. ऑटो वळणाआड गेला.

"जिंकलीस," आदर्श नाक पुसत म्हणाला. "मला पण शिकव ना."

सुमेधा तशीच घरी गेली. भज्याच्या गाड्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

घरी विमलाबाईंनी ताट वाढलं. पहिला घास तोंडाशी नेला आणि सुमेधाचा बांध फुटला. त्यात ओठाची कलाकुसर नव्हती, की हुंदक्याचा डौल नव्हता. तोंड वाकडं, नाक वाहतंय, घास गालात तसाच.

"आगं, आता कोणाला दाखवायलीस?" विमलाबाई म्हणाल्या. "गेली की ती."

"कोणालाच नाही," सुमेधा कशीबशी म्हणाली.

विमलाबाईंनी नातीकडे नीट पाहिलं. या पोरीचे तमाशे त्यांनी खूप पाहिले होते. हे त्यातलं नव्हतं. त्यांनी आतूनच हाक दिली, "अवो, त्या पोरीला फोन लावा. चेहरा दिसतो तसला."

तातेरावांनी व्हिडिओ कॉल लावला आणि सवयीप्रमाणे फोन कानाला धरला. विमानतळावर बसलेल्या मारेनला आधी बराच वेळ त्यांचा कान पाहावा लागला. मग फोन सुमेधाच्या हातात आला.

सुमेधाचं ध्यान बघून मारेन खदखदून हसली. तिने फोन मांडीवर टेकवून टाळ्या वाजवल्या. "नंबर वन, उस्ताद! एकदम नंबर वन!"

टाळी वाजली की खेळ संपतो. सुमेधाला थांबता आलं नाही.

"अक्का," ती म्हणाली, "ये सच्चीवाला है."

मारेनचे हात हवेतच राहिले. मग फोन कलंडला असावा, कारण पडद्यावर विमानतळाचं नुसतं छत दिसायला लागलं आणि कुठून तरी खर्रखर्र, भसाडा, तुटक आवाज येऊ लागला. कुणीतरी फार वाईट रडत होतं. हे सुमेधाने शिकवलेलं नव्हतं. इतकं वाईट रडायला कुणी शिकवतही नाही.

तातेराव डोकावले. "लाईन बिघडली वाटतं."

"गप बसा," विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला.