धवलारणीचा उपास आणि माझा पारा

मित्रांनो, मी एक जुनं बीपीचं यंत्र आहे. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, कापडी पट्टा आणि रबरी फुगा, एवढाच माझा संसार. डॉक्टर समीक्षा यांच्या वडिलांनी, तेही डॉक्टरच, मला नौपाड्यातल्या दुकानातून ठाकुर्लीच्या दवाखान्यात आणलं. आता माझ्या शेजारी बॅटरीवर चालणारं नवं यंत्र बसतं. पण आकड्याची शंका आली की डॉक्टर मलाच उघडतात. तेव्हा मी थोडं मिरवून घेतं, खोटं कशाला सांगू?

हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, ते विसावतं तेव्हाचा खालचा. हे मला पाठ आहे. तरी पारा चढला की माझ्या मनाला भुंगा लागतो, का बरं चढला असेल?

हा भुंगा सगळ्यात जास्त लावला तो ठमाबाईंनी. त्या आगरी लग्नांतल्या धवलारीण. हळदीपासून लग्न लागेपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, त्या गातात आणि कोणता विधी कधी करायचा तेही सांगतात. धवले कुठे लिहिलेले नाहीत, सगळे त्यांच्या तोंडात आहेत. नात कृतिका आता कुठे शिकायला लागली होती.

गंमत अशी, की चातुर्मासात ठमाबाईंचा पारा शहाण्यासारखा वागे आणि लग्नसराई आली की उड्या मारी. रोज सकाळची दाबाची गोळी चालू होतीच; डॉक्टरांनी सुकटीवर संशय घेतला, पापड-लोणचं बंद केलं, मिठावर नजर ठेवली. त्याने थोडा फरक पडला, पण लग्नसराईतल्या उड्या थांबल्या नाहीत. दाब असाच राहिला तर मेंदूची नस फुटेल, वाचाच जाईल, असं डॉक्टर एकदा स्पष्ट बोलल्या. मला फार भीती वाटली. त्या बाईंची वाचा गेली तर गावाची गाणीच जायची.

ठमाबाई मात्र हसल्या. "मना काय व्हतंय? डोकाबी दुखत नाय."

हीच तर या दुखण्याची लबाडी. ते आत शिरतं आणि दारसुद्धा वाजवत नाही.

मग एका हळदीच्या दिवशी सकाळीच कृतिका आजीला हाताला धरून घेऊन आली. ठमाबाईंना चक्कर आली होती. पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि माझा पारा एकशे नव्वदच्या वर. मेंदूला काही झालं नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी त्यांना हात उचलायला लावले, बोलायला लावलं. सगळं ठीक होतं.

"आजची गोळी घेतलीत?"

"नाय. हलद लागंपरयंत धवलारनीचा उपास अस्तं. नि उपाशीपोटी गोली खावाची नाय, तुझे बापानूच सांगलंता."

"अगं आजी, ती गुडघ्याची गोळी होती," कृतिका कपाळाला हात लावत म्हणाली. "म्हणजे सीझनभर जेवढ्या हळदी, तेवढे दिवस गोळी नाही?"

इतकी वर्षं मला पडलेलं कोडं हे असं सुटलं. रागवावं की हसावं तेच मला कळेना.

"ही गोळी रिकाम्या पोटी चालते," डॉक्टर म्हणाल्या. "घोटभर पाण्याने उपास मोडतो का?"

"मोरतं."

"मांडवात नियम कोणाचा चालतो?"

"धवलारनीचा."

"म्हणजे तुमचाच ना?"

ठमाबाईंनी गोळीसाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी त्यांना दुपारपर्यंत झोपवून ठेवलं, पुन्हा पुन्हा मोजलं आणि पारा उतरल्यावरच सोडलं. धवले बसून गायचे, ही अट घातली.

पुढच्या तुळशीच्या लग्नाआधी ठमाबाई स्वतःहून आल्या. सोबत मोहने गावच्या बायजा आणि गोदूबाई, दोघीही धवलारणी.

"यांचाबी मोज," त्या म्हणाल्या. "यांचाबी उपास अस्तं. मी सांगलंय, आधी गोली, मंग हलद."

त्यातल्या गोदूबाईंचा पारा भलताच वर गेला. त्यांना तोवर पत्ताच नव्हता.

मित्रांनो, घरातलं कोणी गोळी चुकवत असेल तर त्यांच्यावर रागावू नका. जवळ बसा आणि का चुकते ते विचारा. दाब किती आहे ते मी सांगतं. का वाढला, ते मला कधीच विचारता येत नाही.