फडकं बांधलेल्या डब्यातली तूर

ऐक बे, आधी नुसतं ऐक. हसाचं असन तं मंग हस, आता नको.

वरवट बकालचा प्रसेनजित तुले माहीत हाय ना, इंद्रभानकाकाचा पोरगा. दिसाले पहिलवान, पन चुलीपाशी गेला का काहीतरी होतेच. लहान होता तवा त्याची माय, चांगुणाकाकू, कापूस येचाले गेली होती, तं यानं तिले खुश कराले खिचडी मांडली. कुकरात तांदूळ टाकले, दाळ टाकली, हळद-मीठ टाकलं, पानीच टाकलं नाही. घरभर धूर. शेजारच्या जनकाबाईले वाटलं घर पेटलं, तिनं खिडकीतून बादलीभर पानी फेकलं ते सरळ याच्या आंगावर. मोठा झाल्यावर याच्यासाठी पोरीकडचे पाहुने आले, तं यानं हौसेनं सोताच चहा केला अन् साखरेच्या जागी पापडखार टाकला. पाहुने सभ्य, घोट घोट करून पेले बिचारे. तेच पुढं याचे सासू-सासरे झाले. म्हंजे त्यायच्या पोरीनं, महामायावहिनीनं, लग्नाच्या आधीच समजून घेतलं होतं का या मानसाले चुलीपासून लांब ठेवाचं.

आता हे झालं गुलाबी अळीच्या पुढच्या साली, मिरगाच्या दिवसात. अळीचं साल तुले सांगाले नको. कपाशीचं बोंड वरून हिरवंगार, फोडलं का आतमंधी अळी. बीटी हाय, बीटी हाय म्हनून घेतलं अन् अळीनंच जेवन केलं. वरून त्या साली फवारता फवारता इख आंगात जाऊन मानसं मेल्याच्या बातम्या रोजच्या. अन् काहीनं तं जानूनच पेलं. म्हनून इख हा शब्द कोनी मोठ्यानं बोलत नसे. हे ध्यानात ठेव.

वहिनीले सातवा महिना. पहिलंच. चांगुणाकाकू अन् इंद्रभानकाका वडनेर भोलजीले गेले होते, काकूची बहीन बिमार होती. घरात हे दोघंच. अन् वहिनी बोलता बोलता म्हनून गेली का तिले तुरीच्या घुगऱ्या खाव्या वाटून राह्यल्या. झालं. प्रसेनजितनं तिले खाटेवरून उठूच देलं नाही. म्हने, तू पडून राह्य, मी करतो. तिनं लय सांगतलं का राहू द्या, सासूबाई आल्यावर करतीन. आयकते काय तो.

संध्याकाळी लाइट कमी-जास्त होऊन राह्यली होती. अख्खी तूर कुठं हाय ते याले माहीत नाही, अन् बायकोले इचारलं तं ती उठून येईन, म्हनून इचारलं बी नाही. सारे डबे पाह्यले. मंग फळीवर पार वर, कोपऱ्यात, एक स्टीलचा डबा भेटला, तोंडाले फडकं बांधेल. खोलला तं तूर. मस्त लालबुंद, टपोरी. यानं भिजू घातली. सकाळी पाह्यलं तं पानी लाल. याले वाटलं, लाल तूर हाय, रंग सोडनच. तीनचारदा धुतली, कुकरात लावली, या खेपेले पानी टाकलं. जिऱ्या-मिरचीची फोडनी, कांदा, वरून चिरून हिरवा सांभार. बायकोले ताटलीभर देल्या, सोता ताटलीभर घेतल्या. समोर बसून नाही खाल्ल्या. दाराशी दूधवाला आला होता, तं हा उभ्याउभ्या खात खात त्याच्याशी बोलत राह्यला. आत येऊन पाह्यलं तं वहिनीची ताटली साफ. इचारलं कशा झाल्या, तं ती म्हने, लय मस्त. आता याची छाती फुगली ना. अर्ध्या गावाले सांगून आला का आज घुगऱ्या केल्या म्हनून.

दुपारून मायचा फोन आला. बहिनीची तब्येत सांगतली, सुनेची इचारली. अन् मंग म्हने, आता पेरनी जवळ आली, या साली कपाशीच्या कडेनं तूर लावाचीच, मागच्या सालासारखं नाही कराचं.

तुले माहीत असन, काही कंपनीच्या बीटीच्या थैलीत तुरीच्या बियाची एक बारकी पुडी राह्यते. वावराच्या कडेनं लावाची, म्हंजे अळी सगळी कपाशीवरच पडत नाही. लोकं काय करतात, ते पुडी फेकून देतात. चांगुणाकाकू फेकनारी बाई नव्हे. तिनं सगळ्या पुड्या फोडून एका डब्यात टाकल्या होत्या. उंदीर लागू नये म्हनून वर ठेवला होता अन् तोंडाले फडकं बांधलं होतं. आपल्याकडे फडकं बांधलं म्हंजे ते बियाचं, त्याले हात लावाचा नाही. घरातल्या बायाले हे सांगा लागत नाही. प्रसेनजितले सांगाची कोनाले गरजच पडली नव्हती, तो सैंपाकघरात येनार म्हनून कोनाले वाटलंच नव्हतं.

काकू म्हने, "फळीवरचा फडक्याचा डबा काढून ठेवजो. अन् हात साबनानं धुजो बाबा, त्या बियाले औषध लावेल हाय."

 माय हॅलो हॅलो करून राह्यली. शेवटी हा म्हनला, हाव, ठेवतो. अन् फोन ठेवून देला. मायले नाही सांगतलं. तुले सांगतो, त्याले वाटलं का बोलून दाखवलं तं ते खरं होईन.

सैंपाकघरात गेला. कुकरात तळाशी थोड्या घुगऱ्या उरल्या होत्या. वास घेतला, तं जिऱ्याचाच वास. मोरीच्या फरशीवर पाह्यलं तं गुलाबी डाग. तो लाल रंग तुरीचा नव्हता ना बे. औषधाचा होता.

बाहेर वहिनी खाटेवर बसून, पायावर पाय टाकून, पेरू खाऊन राह्यली होती. ती हसली याच्याकडं पाहून. अन् हा तिच्या डोळ्याकडं पाहून राह्यला का बाहुल्या बारीक तं नाही झाल्या. फवारनीवाल्यायचं आयकलं होतं त्यानं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाले फेस येते. मंग तिले उचकी आली. साधी उचकी, पेरूची. हा पानी आनाले धावला.

आता इथी इचार कर. सांगाचं का नाही? सातवा महिना. सांगतलं अन् तिनं धास्ती घेतली, धास्तीनंच काही झालं तं? अन् नाही सांगतलं तं? त्यानं ठरवलं, दवाखान्यात नेतो, तिथी डाक्टर पाहून घेईन, तिले काहीच सांगाचं नाही. म्हने, चाल, तपासनी करून येऊ. ती म्हने, तपासनी तं परवाच झाली. हा म्हने, मले स्वप्न पडलं. दुपारी जागेपनी कोनाले स्वप्न पडते बे? पन ती तयार झाली, साडी बी बदलली, पावडर बी लावली, अन् हा दारात उभा राहून घामानं भिजून राह्यला.

मोटारसायकलवर कसं नेनार? मोईजभाईचा ऑटो बोलावला. मोईजभाईनं इचारलं, क्या हुआ रे. हा म्हने, काही नाही, पोट. मोईजभाईले वाटलं दिवस भरले, त्यानं असा ऑटो सोडला का गड्ड्यातनं उडत उडत. प्रसेनजित वरडला, धिरे चलाव. मंग लगेच वाटलं का उशीर होते, तं वरडला, जल्दी चलाव. धिरे. जल्दी. मोईजभाईनं शेवटी मागं मान वळवून पाह्यलं, का याचंच डोकं ठिकानावर हाय का नाही.

अन् वहिनी मजेत. तिले वाटलं नवरा किती जीव लावून राह्यला. पोराचं नाव काय ठेवाचं ते बोलून राह्यली. हा तिच्या पोटाकडं पाहून इचारते, हालते का? ती म्हने, नाही, निजलं असन. याचा जीव गेला. दोन मिनटानं अजून इचारते, हालते का? मंग एकदम ती पोटाले हात लावून आई गं म्हनली, अन् हा सीटवरून उठलाच, डोकं वरच्या लोखंडी दांडीले आपटलं. तं पोरानं लाथ मारली होती. वहिनी हसून हसून पडली. हा बी हसला. हसता हसता रडू आलं, तं तोंड बाहेर काढून धूळ गेली म्हने डोळ्यात.

मनात काय चालू होतं त्याच्या, ते त्यानं मले नंतर सांगतलं. फक्त तिच्या मराची भीती नव्हती बे. वर हे बी का, असल्या दिवसात शेतकऱ्याच्या घरात बायको इखानं गेली म्हनलं तं गाव काय म्हनीन? घुगऱ्या केल्या म्हनून कोन इश्वास ठेवीन? म्हनतीन, कपाशी गेली, म्हनून दोघायनं मिळून इख घेतलं. नाही तं यानंच देलं. सासरे दारात येऊन बसतीन, ज्यायनं पापडखाराचा चहा पेला होता, अन् म्हनतीन का आमची पोरगी मारली.

दवाखान्यात बाई डाक्टर होती, नवीनच. यानं वहिनीले बाकड्यावर बसवलं अन् आत जाऊन हळूच सांगतलं, मॅडम, इख खाल्लं तिनं. बस. मॅडम उभीच राह्यली. कोनतं, कवा, किती, कोनी देलं, काऊन देलं. अळीच्या सालापासून असे लय येत असतीन तिच्याकडे, तिले वाटलं हे बी तेच. नर्सले म्हने, नळी आन, अन् चौकीत कळवाची तयारी ठेव. हा नुसता घुगऱ्या, घुगऱ्या करून राह्यला. वहिनीले आत आनली, टेबलावर निजवली. ती घाबरली ना आता. म्हने, अवो, काय चालू हाय हे?

मॅडमनं तिलेच इचारलं, सकाळी घुगऱ्या खाल्ल्या, किती खाल्ल्या?

वहिनीनं नवऱ्याकडं पाह्यलं. नवरा भिताडाले टेकून, पांढरा फटक. तिले वाटलं असन का घुगऱ्यायची निंदा चालू हाय, चारचौघात नवऱ्याचं नाक कापलं जाते. म्हने, ताटलीभर खाल्ल्या. लय मस्त होत्या.

नर्सनं नळी काढली. मॅडम म्हने, पोट धुवा लागन, अन् याच्यात बाळाले धोका बी हाय, सही करा. कागद याच्या हातात देला. अन् तवा, बे, प्रसेनजित मोठ्यानं रडला. सगळं सांगून टाकलं. फडक्याचा डबा, कपाशीच्या थैलीतली तूर, लाल पानी, मायचा फोन. म्हने, मी तुले इख खाऊ घातलं महामाया, मले माहीत नव्हतं.

 वहिनी उठून बसली.

"मी एक दाना नाही खाल्ला," ती म्हने.

"ताटली साफ होती तुही."

"अंगणातल्या शेळीले टाकल्या. मीठ दोनदा पडलं होतं तुमच्या हातून, जिभेले लावल्या तं जीभ जळाली. तुमी इतक्या हौसेनं केलं, कसं सांगू?"

नर्स हसली. मोईजभाई दारातूनच आयकून राह्यला होता, तो बी हसला. प्रसेनजित मटकन खाली बसला, दोनी हात जोडले, कोनाले जोडले काय माहीत. फक्त मॅडम नाही हसली. तिनं इचारलं, मंग बाकीच्या घुगऱ्या खाल्ल्या कोनी?

प्रसेनजितनं वर पाह्यलं. तुले खरं सांगतो, तवापर्यंत त्याले आठवलंच नव्हतं. सकाळपासून त्याच्या पोटात ताटलीभर होत्या, खारट तं खारट, सोता केल्या म्हनून चाटून पुसून खाल्ल्या होत्या. अन् पोट मळमळून राह्यलं होतं ऑटोत बसल्यापासून, त्याले वाटलं भेवानं मळमळते.

"मी," तो म्हने.

तेच टेबल, तीच नळी. फक्त निजनारा बदलला. अन् आता वहिनी उभी होती टेबलापाशी, एक हात पोटावर ठेवून, पांढरी फटक. तिनं आधी हसत हसत त्याचा हात धरला होता, मंग सलाइन लागली, तो ओकला, अजून ओकला, डोळे फिरवले, तवा तिच्या हातातला जोर वाढला. नर्स तिले बाहेर काढून राह्यली होती, ती हालली नाही. नर्स म्हने, भेवानं त्याले जास्त झालं. मॅडम म्हने, भेव बी असन, औषध बी असन, रातभर ठेवू. पोलीस आला, लिहून घेतलं, घुगऱ्या हा शब्द त्यानं दोनदा इचारला.

दुसऱ्या दिवशी सोडलं. आता हिंडून राह्यला, पाह्यतच असशीन. शेळीचं पोट चार दिवस बिघडलं, वाचली. चांगुणाकाकूनं त्याले काही नाही म्हनलं, तूर तेवढी जाऊन मोजून आली, किती उरली ते पाहाले.

पन गोष्ट ते नाही. गोष्ट हे हाय का घरी येताना ऑटोत वहिनी त्याच्याशी बोललीच नाही. पार घर येईपर्यंत. मंग दारात उतरल्यावर म्हने, "तुमाले वाटत होतं मी मरून राह्यली, अन् मी नावं सांगून राह्यली होती पोराची. अन् तुमी आयकून घेतलं. मले काऊन नाही सांगतलं?"

तो म्हने, तू धास्ती घेतली असती. ती म्हने, सांगतलं असतं तं मी तिथंच सांगतलं असतं का मी खाल्ल्याच नाही. तो म्हने, हाव, मंग आपन ऑटो तिथूनच वळवून घरी आलो असतो, हसत हसत, अन् पोटातलं माह्या पोटातच राह्यलं असतं. यावर वहिनी आत गेली अन् दार लावून घेतलं, अन् आतून रडल्याचा आवाज आला त्याले.

आजबी दोघायचं त्याच्यावरून चालूच हाय. ती म्हनते सांगाले पाह्यजे होतं, तो म्हनते नाही सांगतलं म्हनून जिवंत हाय. मले इचारलं त्यायनं, मी काम हाय म्हनून उठून आलो. आता तू सांग बे. त्या ऑटोत तू असता, बाजूले बायको पोराची नावं सांगून हसून राह्यली असती, तं तू काय केलं असतं?